घटक ३ : महर्षी विठ्ठल रामजी शिंदे – उदार धर्म आणि माणुसकीची कसोटी

३.१ उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर तुम्हाला –
• महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांच्या जीवनाचा आणि धर्मविचाराचा परिचय होईल.
• प्रार्थना समाज या उदारमतवादी धर्मसमाजाचे स्वरूप व त्याच्या मर्यादा सांगता येतील.
• ईश्वरनिष्ठा आणि मानवतावाद यांचा शिंदे यांनी घातलेला मेळ स्पष्ट करता येईल.
• स्वतःच्या श्रद्धांकडे तपासणीच्या दृष्टीने पाहण्याची सवय लावून घेता येईल.

३.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो,

१८९९ सालच्या कार्तिक महिन्यात कोल्हापुरात पंचगंगेच्या काठी घडलेला प्रसंग तुमच्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. राजर्षी शाहू छत्रपती पहाटेच्या स्नानासाठी नदीवर गेले असता त्यांच्यासाठी वेदोक्त नव्हे, तर पुराणोक्त मंत्र म्हटले जात आहेत, ही गोष्ट उघडकीस आली. पुढे यातूनच वेदोक्त प्रकरण उभे राहिले. प्रश्न वरवर मंत्रांचा होता. परंतु त्याच्या मुळाशी माणसाच्या प्रतिष्ठेचा प्रश्न होता. देवापुढे उभे राहण्याचा माझा अधिकार कोणी ठरवायचा, हा तो प्रश्न होय.

याच सुमारास याच दक्षिण महाराष्ट्राच्या मुलखातला एक तरुण त्याच प्रश्नाशी वेगळ्या वाटेने झुंजत होता. तो जमखंडीचा. जमखंडी हे तेव्हा पटवर्धनांचे छोटे संस्थान होते. आज ते कर्नाटकातील बागलकोट जिल्ह्यात आहे. त्या काळी मात्र दक्षिणी मराठा संस्थानांचा कारभार पाहणारा इंग्रज पोलिटिकल एजंट कोल्हापुरातच बसत असे. शाहू महाराजांनी विचारले, वेदोक्त मंत्रांचा अधिकार मला का नाही? या तरुणाने त्यापुढचे विचारले. माणूस आणि ईश्वर यांच्यामध्ये मंत्र, पुरोहित आणि जात यांची गरज तरी आहे का? आणि गरज नसेल, तर ज्यांना आपण देवळाच्या पायरीशीही येऊ देत नाही, त्यांच्याशी आपले नाते कोणते? 

हा तरुण म्हणजे विठ्ठल रामजी शिंदे. पुढे महाराष्ट्राने त्यांना महर्षी म्हटले. या घटकात आपण त्यांचे चरित्र एका विशिष्ट अंगाने पाहणार आहोत. उदार धर्मसमाजात राहून माणूस आपल्या श्रद्धा कशा तपासतो, आणि तपासलेली श्रद्धा त्याला कोणत्या माणसांपर्यंत घेऊन जाते, हे आपल्या अभ्यासाचे सूत्र आहे.

३.३ विषय-विवेचन

३.३.१ घर आणि संस्कार

विठ्ठल रामजी शिंदे यांचा जन्म २३ एप्रिल १८७३ रोजी जमखंडी येथे एका मराठा कुटुंबात झाला. त्याच वर्षी २४ सप्टेंबरला पुण्यात जोतीराव फुले यांनी सत्यशोधक समाजाची स्थापना केली, हे येथे लक्षात ठेवावे. वडील रामजीबुवा हे वारकरी. संस्थानात नोकरी होती, पण पुढे ती राहिली नाही आणि घराला ओढगस्तीचे दिवस आले. आई यमुनाबाई सोशिक आणि प्रेमळ होत्या. घरात विठ्ठलभक्तीचे वातावरण होते. अभंग, भजन आणि पंढरीची ओढ मुलाच्या अंगवळणी पडली होती. येणाऱ्या-जाणाऱ्याला जात न विचारता घरात सामावून घेण्याची रीतही त्यांनी लहानपणीच पाहिली.

मात्र हे घर सर्वस्वी सुधारकी होते, असे समजू नका. त्या काळच्या रूढीप्रमाणे विठ्ठलचे लग्न लहान वयातच झाले. बहीण जनाबाई हिचाही बालविवाह झाला आणि सासरी तिला सुख लाभले नाही. ज्या घरात अभंग गायले जात, त्याच घरातल्या मुलीच्या वाट्याला रूढीचे दुःख आले. शिंदे यांनी पुढे या बहिणीला आपल्याजवळ आणून शिकवले आणि हीच जनाक्का त्यांच्या मिशनच्या कामातील मोठा आधार ठरली. भक्ती खरी असूनही आचार रूढीचाच राहू शकतो, ही जाणीव शिंदे यांना प्रथम स्वतःच्या घरात झाली असली पाहिजे.

३.३.२ शंकेचा काळ

१८९१ साली मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर १८९३ मध्ये त्यांनी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात प्रवेश घेतला. शिक्षणासाठी पैसा नव्हता. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्याकडून मिळालेल्या शिष्यवृत्तीचा त्यांना मोठा आधार झाला. त्या वेळी फर्ग्युसनचे प्राचार्य होते गोपाळ गणेश आगरकर. आगरकरांचा बुद्धिवाद महाविद्यालयाच्या हवेतच होता. मिल आणि स्पेन्सर यांच्या ग्रंथांनी त्या पिढीतील अनेकांप्रमाणे शिंदे यांच्याही मनातील परंपरागत श्रद्धा हलवून सोडल्या.

येथे थोडे थांबून विचार करा. तुमच्यापैकी अनेकजण नोकरी, शेती किंवा संसार सांभाळून शिक्षण घेत आहात. पुस्तकात वाचलेले आणि घरात पाळले जाणारे यांचा मेळ बसत नाही, असा अनुभव तुम्हालाही आला असेल. अशा वेळी माणसापुढे साधारणतः तीन वाटा असतात. घरातले निमूटपणे पाळत राहावे आणि वाचलेले परीक्षेपुरते ठेवावे, ही पहिली. सारेच टाकून द्यावे, ही दुसरी. जे आहे ते एकेक करून तपासावे, टिकेल ते ठेवावे आणि न टिकेल ते सोडावे, ही तिसरी. तिसरी वाट सर्वांत कष्टाची, कारण तिच्यावर चालणाऱ्याला दोन्ही बाजूंचे बोल ऐकावे लागतात. शिंदे यांनी ही तिसरी वाट धरली.

तपासणीची ही सवय त्यांच्या रोजनिशीतून दिसते. विद्यार्थिदशेत, इंग्लंडच्या वास्तव्यात आणि पुढे तुरुंगातही त्यांनी रोजनिशी लिहिली. दिवसाअखेर स्वतःच्या मनाचा हिशेब घेणारा माणूस दुसऱ्याने दिलेली उत्तरे सहज स्वीकारत नाही. तसेच दुसऱ्याची उत्तरे सहज धुडकावूनही लावत नाही.

३.३.३ प्रार्थना समाज : एक उदार धर्मसमाज

१८९८ साली शिंदे पदवीधर झाले आणि त्याच काळात प्रार्थना समाजाचे सभासद झाले. कायद्याच्या अभ्यासासाठी ते मुंबईला गेले होते. परंतु वकिलीत त्यांचे मन रमले नाही.

प्रार्थना समाजाची स्थापना ३१ मार्च १८६७ रोजी मुंबईत झाली. डॉ. आत्माराम पांडुरंग हे त्याचे पहिले अध्यक्ष. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे, डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर, नारायण गणेश चंदावरकर ही या समाजातील मोठी नावे. बंगालमधील ब्राह्म समाजाची प्रेरणा त्यामागे होती, पण महाराष्ट्रातील या मंडळींनी वेगळे नाव घेतले आणि आपली मुळे संतपरंपरेत शोधली. त्यांच्या साप्ताहिक उपासनेत तुकोबांचे अभंग गायले जात.

समाजाची मुख्य तत्त्वे थोडक्यात अशी सांगता येतील :
(१) ईश्वर एक असून तो निराकार आहे.
(२) प्रेमपूर्वक प्रार्थना आणि सदाचरण हीच त्याची खरी उपासना होय.
(३) मूर्तिपूजा व अवतारकल्पना यांना या उपासनेत स्थान नाही.
(४) कोणताही ग्रंथ ईश्वराने स्वतः सांगितलेला व म्हणून प्रमादरहित, असा मानता येत नाही.
(५) सर्व माणसे एका ईश्वराची लेकरे असल्यामुळे परस्परांची भावंडे आहेत.

यातील चौथे तत्त्व पुन्हा वाचा. जो समाज कोणत्याच ग्रंथाला अंतिम मानत नाही, त्याच्या सभासदावर स्वतः विचार करण्याची जबाबदारी येते. उदार धर्माचे बळ येथे आहे, आणि त्याची अडचणही येथेच आहे. सक्ती नसलेल्या समाजात श्रद्धा प्रामाणिक होऊ शकते. परंतु तत्त्व मान्य करून आचरण मात्र पूर्वीचेच ठेवण्याची मोकळीकही त्याच समाजात मिळते.

प्रार्थना समाजाला ही अडचण चुकली नाही. १८७३ मध्ये पहिल्या पत्नीच्या निधनानंतर विधवाविवाहाचे पुरस्कर्ते रानडे यांनी वडिलांच्या आग्रहापुढे मान तुकवून एका लहान मुलीशी विवाह केला. पुण्यातील पंचहौद मिशनच्या चहापानाच्या प्रकरणात त्यांनी प्रायश्चित्तही घेतले. दुसरीकडे भांडारकरांनी विरोध पत्करून आपल्या विधवा मुलीचा पुनर्विवाह घडवून आणला. दोघेही एकाच समाजाचे, दोघेही थोर. येथे कोणाला दोषी ठरवण्याचा आपला हेतू नाही. विचार बदलणे आणि घर बदलणे यांत किती अंतर असते, ते या दोन उदाहरणांवरून तुमच्या ध्यानात यावे.

शिंदे या समाजात आले ते बहुजन समाजातून. समाजाचे बहुतेक सभासद उच्चवर्णीय, शिकलेले आणि सुस्थितीतील होते. ईश्वराची सर्व लेकरे समान, हे तत्त्व ते दर रविवारी ऐकत होते. ज्या लेकरांना गावाबाहेर राहावे लागते, ती या मंदिरात कधी येणार, हा प्रश्न मात्र शिंदे यांच्या मनात घर करून राहिला.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न – १
योग्य पर्याय निवडा.
१. प्रार्थना समाजाची स्थापना ______ साली झाली. (१८४९ / १८६७ / १८७३)
२. शिंदे फर्ग्युसनमध्ये आले तेव्हा ______ हे प्राचार्य होते. (आगरकर / भांडारकर / रानडे)
३. शिंदे यांच्या घरात ______ संप्रदायाचे संस्कार होते. (महानुभाव / नाथ / वारकरी)

३.३.४ ऑक्सफर्ड आणि अ‍ॅम्स्टरडॅम

इंग्लंडमधील युनिटेरियन पंथीयांचा प्रार्थना व ब्राह्म समाजाशी स्नेहसंबंध होता. ख्रिस्ती परंपरेतून निघालेला हा पंथ त्रिमूर्तीची कल्पना नाकारून एकेश्वर मानणारा आणि विवेकाला मान देणारा. त्यांच्या साहाय्याने ऑक्सफर्ड येथील मँचेस्टर कॉलेजात धर्मशिक्षणासाठी शिष्यवृत्ती मिळत असे. प्रार्थना समाजाने त्यासाठी शिंदे यांची निवड केली आणि सयाजीराव महाराजांनी प्रवासखर्चाला मदत केली. सप्टेंबर १९०१ मध्ये मुंबईहून निघून ते ऑक्सफर्डला पोहोचले.

त्या महाविद्यालयात विद्यार्थ्याने अमुकच मत मानले पाहिजे, अशी अट नव्हती. धर्मांचा तुलनात्मक अभ्यास तेथे शास्त्राप्रमाणे केला जाई. एस्टलिन कार्पेंटर यांच्यासारखे बौद्ध धर्माचे जाणकार तेथे शिकवत होते. शिंदे यांना बौद्ध धर्माची आणि पाली भाषेची गोडी लागली ती येथेच, आणि ती आयुष्यभर टिकली. मात्र ते ग्रंथालयातच अडकून पडले नाहीत. इंग्लंडमधील गरीब वस्त्यांत धर्मसंस्था कोणते काम करतात, हेही त्यांनी पाहिले. धर्माचा अभ्यास आणि दीनांची सेवा एकाच माणसाच्या दिनक्रमात बसू शकतात, हा धडा त्यांनी तेथून आणला.

एक विलक्षण योगायोग नोंदवण्यासारखा आहे. शिंदे ऑक्सफर्डमध्ये असतानाच, २६ जुलै १९०२ रोजी, शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानातील रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवण्याचा आदेश काढला. एकाच भूमीतील दोघे पुरुष, एक राजसत्तेच्या मार्गाने आणि दुसरा धर्मचिंतनाच्या मार्गाने, समतेकडेच निघाले होते.

सप्टेंबर १९०३ मध्ये हॉलंडमधील अ‍ॅम्स्टरडॅम येथे उदार धर्मवाद्यांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. तेथे शिंदे यांनी हिंदुस्थानातील उदार धर्म या विषयावर निबंध वाचला. जमखंडीच्या वारकरी घरातला मुलगा युरोपातील धर्मपंडितांसमोर आपल्या देशातील उदार धर्मपरंपरेची ओळख करून देत होता. ऑक्टोबर १९०३ मध्ये ते मुंबईस परतले आणि प्रार्थना समाजाचे प्रचारक म्हणून काम करू लागले.

३.३.५ मंदिरातून वस्तीकडे

प्रचारक म्हणून शिंदे उपासना चालवीत, व्याख्याने देत, समाजाच्या सुबोध पत्रिकेत लिहीत, गावोगाव फिरत. या फिरतीत त्यांनी अस्पृश्य मानलेल्या लोकांची स्थिती जवळून पाहिली. अहमदनगरजवळच्या भिंगार येथे त्या वस्तीतील लोकांशी झालेल्या भेटीचा त्यांच्या मनावर खोल परिणाम झाला. उपदेशाने येथे काही होणार नाही. या लोकांसाठी स्वतंत्र संस्था उभी करून तीत आयुष्य घातले पाहिजे, असा त्यांचा निश्चय झाला.

१८ ऑक्टोबर १९०६ रोजी मुंबईत परळ भागात त्यांनी पहिली शाळा सुरू केली आणि डिप्रेस्ड क्लासेस मिशन, म्हणजेच भारतीय निराश्रित साहाय्यकारी मंडळी, ही संस्था जन्माला आली. नारायणराव चंदावरकर तिचे अध्यक्ष झाले. शाळा, वसतिगृहे, उद्योगशिक्षण, आजाऱ्यांची शुश्रूषा, भजन आणि उपासना अशी कामे मिशनने हाती घेतली. पुढे तिच्या शाखा पुणे, हुबळी, मंगळूर अशा दूरदूरच्या ठिकाणी निघाल्या. कोल्हापुरातही १९०८ मध्ये अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह सुरू झाले. त्यामागे शाहू महाराजांचे पाठबळ होते.

या कामातील एक गोष्ट तुम्ही विशेष ध्यानात घ्यावी. शिंदे यांनी मिशन दुरून चालवले नाही. आईवडील, पत्नी रुक्मिणीबाई, बहीण जनाक्का आणि मुले यांच्यासह ते मिशनच्या जागेत, त्याच वस्तीत राहिले. वारकरी रामजीबुवांनी आयुष्याच्या उतारवयात मुलाच्या या निर्णयाला साथ दिली. घरात पाहिलेली विसंगती घरातच दूर करण्याचा हा प्रयत्न होता. ज्या प्रश्नापाशी प्रार्थना समाजातील अनेक थोर माणसे उंबरठ्यावर थबकली होती, तो उंबरठा या कुटुंबाने ओलांडला.

त्याची किंमतही मोजावी लागली. स्वजातीयांचा रोष झाला. पैशाची चणचण कायमची पाठीशी लागली. प्रार्थना समाजातील काही मंडळींशी मतभेद वाढून १९१० मध्ये प्रचारकपद सोडावे लागले. उदार म्हणवणाऱ्या समाजातही औदार्याला सीमा असतात, हे त्यांनी अनुभवले. तरीही त्यांनी आपली ईश्वरनिष्ठा सोडली नाही आणि समाजाच्या तत्त्वांशी नातेही तोडले नाही. संस्थेशी मतभेद होणे आणि श्रद्धेचा त्याग करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा विवेक येथे शिकण्यासारखा आहे.

३.३.६ राष्ट्रीय प्रश्न आणि मिशनच्या मर्यादा

अस्पृश्यतेचा प्रश्न केवळ दयेचा नसून राष्ट्राच्या न्यायबुद्धीचा आहे, असे शिंदे मानत. म्हणून त्यांनी तो राजकीय व्यासपीठावर नेला. १९१७ मध्ये कलकत्ता येथील काँग्रेस अधिवेशनात अस्पृश्यतानिवारणाचा ठराव संमत झाला, त्यामागे त्यांचे परिश्रम होते. मार्च १९१८ मध्ये मुंबईत सयाजीराव महाराजांच्या अध्यक्षतेखाली अस्पृश्यतानिवारण परिषद भरली. लोकमान्य टिळक त्या परिषदेत आले आणि त्यांनी अस्पृश्यतेविरुद्ध भाषण केले. परंतु व्यक्तिगत आचरणात अस्पृश्यता न पाळण्याच्या जाहीरनाम्यावर त्यांची सही झाली नाही. भाषण आणि सही यांतील हे अंतर आपल्या विषयाच्या दृष्टीने बोलके आहे.

शिंदे यांच्या कार्यालाही मर्यादा होत्या, आणि त्या झाकून चरित्र पूर्ण होत नाही. कायदेमंडळात अस्पृश्यांचे प्रतिनिधी कसे निवडावेत, याविषयी त्यांनी मांडलेल्या योजनेत निवडीचा अधिकार खुद्द अस्पृश्यांच्या हाती राहत नव्हता. मे १९२० मध्ये नागपूर येथे शाहू महाराजांच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या भूमिकेला कडाडून विरोध केला. आपले प्रतिनिधी आपणच निवडू, ही नव्या पिढीची मागणी होती आणि ती न्याय्य होती. दुसऱ्यासाठी आयुष्य वेचणाऱ्या माणसालाही दुसऱ्याच्या स्वतंत्र आवाजासाठी जागा करून द्यावी लागते. १९२३ च्या सुमारास शिंदे मिशनच्या कारभारातून बाजूला झाले. आपण उभारलेल्या संस्थेपासून दूर होण्याचे दुःख त्यांना होते. परंतु ज्यांच्यासाठी काम केले, त्यांच्या जागृतीचा त्यांनी राग धरला नाही.

पुढे काही काळ त्यांनी मंगळूर येथे ब्राह्म समाजाचे आचार्य म्हणून काम केले. १९३० च्या कायदेभंगाच्या चळवळीत भाग घेतल्यामुळे त्यांना सहा महिन्यांची शिक्षा झाली आणि ती त्यांनी येरवड्याच्या तुरुंगात भोगली. शेतकऱ्यांच्या परिषदा, मुलींच्या सक्तीच्या शिक्षणाची चळवळ, मुरळी सोडण्याच्या प्रथेला विरोध अशी त्यांची अनेक कामे सांगता येतील. २ जानेवारी १९४४ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. अखेरची वर्षे आजाराची होती, आणि समाजाने त्यांची घ्यावी तेवढी दखल घेतली नव्हती. सवर्णांना ते आपले वाटले नाहीत आणि दलितांचे नेतृत्व नव्या हाती गेले होते. दोन्ही तीरांना जोडू पाहणाऱ्या माणसाच्या वाट्याला अनेकदा असे एकाकीपण येते.

३.३.७ श्रद्धा आणि मानवतावाद

मानवतावाद म्हटला की ईश्वर नाकारणारी विचारसरणी, असे पुष्कळदा गृहीत धरले जाते. मराठी विचारविश्वात मात्र त्याची निदान तीन रूपे दिसतात. आगरकरांनी ईश्वराचा आधार न घेता, केवळ विवेक आणि माणसाचे सुख यांवर नीती उभी केली. फुले यांनी निर्मिक मानला; पण धर्मग्रंथ आणि पुरोहित यांची सत्ता नाकारून सार्वजनिक सत्यधर्म मांडला. शिंदे यांनी भक्तीची परंपरा स्वीकारली आणि तीतूनच समतेचा निष्कर्ष काढला. ईश्वर सर्वांचा पिता असेल, तर एका भावाला अस्पृश्य मानणे हा त्या पित्याचाच अनादर होय, अशी त्यांच्या विचाराची दिशा होती. तिघांची सुरुवात वेगळी असली, तरी माणसाला माणूस म्हणून वागवले पाहिजे या ठिकाणी ते एकत्र येतात.

कोल्हापूरने या प्रश्नाला आणखी वेगळी उत्तरे शोधली. वेदोक्ताचा आग्रह, सत्यशोधक चळवळीला आश्रय, आर्य समाजाला दिलेले साहाय्य आणि १९२० मध्ये निर्माण केलेले क्षात्रजगद्गुरुपद हे शाहू महाराजांच्या धर्मविषयक शोधाचे टप्पे आहेत. महाराजांना लाखो सामान्यजनांना चालेल अशी व्यवस्था हवी होती; शिंदे यांना प्रत्येकाच्या अंतःकरणात होणारा बदल हवा होता. पहिल्या मार्गाने बदल लवकर पसरतो, दुसऱ्या मार्गाने तो खोल जातो. समाजाला दोहोंची गरज असते.

३.३.८ लेखक म्हणून शिंदे

मराठीचे विद्यार्थी म्हणून त्यांच्या लेखनाकडेही तुमचे लक्ष असले पाहिजे. माझ्या आठवणी व अनुभव हे त्यांचे आत्मचरित्र, १९३३ मध्ये प्रसिद्ध झालेला भारतीय अस्पृश्यतेचा प्रश्न हा संशोधनग्रंथ, प्रवासवर्णनपर पत्रे, भागवत धर्मावरील आणि भाषाशास्त्रावरील लेख असा त्यांच्या लेखनाचा विस्तार आहे. मराठी आणि कानडी या दोन्ही भाषांच्या सीमेवर वाढल्यामुळे त्या भाषांच्या परस्परसंबंधांचाही त्यांनी अभ्यास केला. ज्या प्रश्नासाठी त्यांनी आयुष्य दिले, त्याचा इतिहास, भाषा आणि धर्म यांच्या साहाय्याने शोध घेण्याची शिस्त त्यांनी पाळली. तळमळ आणि तपासणी एकत्र नांदू शकतात, याचा त्यांचे गद्य हा उत्तम पुरावा आहे.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न – २
एका वाक्यात उत्तरे लिहा.
१. डिप्रेस्ड क्लासेस मिशनची स्थापना केव्हा झाली?
२. शिंदे यांनी अ‍ॅम्स्टरडॅम येथील परिषदेत कोणत्या विषयावर निबंध वाचला?
३. भारतीय अस्पृश्यतेचा प्रश्न हा ग्रंथ कोणत्या वर्षी प्रसिद्ध झाला?

३.४ सारांश

वारकरी घरातील भक्ती, फर्ग्युसनमधील शंका, प्रार्थना समाजातील उदार उपासना आणि ऑक्सफर्डमधील तुलनात्मक अभ्यास या चार टप्प्यांतून शिंदे यांची श्रद्धा घडली. प्रत्येक टप्प्यावर त्यांनी काही स्वीकारले आणि काही सोडले. त्या श्रद्धेची खरी परीक्षा मात्र परळच्या वस्तीत झाली. कोणती तत्त्वे मान्य आहेत, यावरून माणसाचा धर्म कळत नाही; तो कोणाच्या शेजारी घर करतो आणि कोणाला आपल्या पंगतीत बसवतो, यावरून कळतो, हे त्यांच्या चरित्राचे सार होय.

विद्यार्थी मित्रहो, तुम्ही आस्तिक असा वा नास्तिक, या कसोटीतून कोणाचीच सुटका नाही. आपल्या घरात काय चालते आणि आपण बाहेर काय बोलतो, याचा हिशेब ज्याचा त्याने मांडायचा असतो. शिंदे यांनी तो रोज मांडला. म्हणूनच त्यांचे चरित्र आपण केवळ परीक्षेपुरते वाचू नये.

३.५ पारिभाषिक शब्द

वेदोक्त – वेदांतील मंत्रांनी केलेला विधी.
पुराणोक्त – पुराणांतील मंत्रांनी केलेला विधी.
एकेश्वरवाद – ईश्वर एकच आहे, असे मानणारा विचार.
उदार धर्म – ग्रंथप्रामाण्याची सक्ती न करता विवेकाला व अन्य धर्मांतील सत्याला स्थान देणारा धर्मविचार.
निर्मिक – जगाचा निर्माता; महात्मा फुले यांनी ईश्वरासाठी योजलेला शब्द.
निराश्रित – आधार नसलेला; मिशनच्या नावात अस्पृश्य मानलेल्या वर्गासाठी वापरलेला शब्द.

३.६ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

प्रश्न १ : (१) १८६७ (२) आगरकर (३) वारकरी
प्रश्न २ : (१) १८ ऑक्टोबर १९०६ रोजी. (२) हिंदुस्थानातील उदार धर्म. (३) १९३३ मध्ये.

३.७ सरावासाठी स्वाध्याय

१. विठ्ठल रामजी शिंदे यांच्या धर्मश्रद्धेची जडणघडण सविस्तर लिहा.
२. प्रार्थना समाजाचे बळ व त्याच्या मर्यादा सोदाहरण स्पष्ट करा.
३. आगरकर, फुले आणि शिंदे यांच्या मानवतावादी भूमिकांची तुलना करा.
४. टीप लिहा : (अ) डिप्रेस्ड क्लासेस मिशन (आ) शिंदे यांचे मराठी लेखन.

३.८ उपक्रम

तुमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली एखादी रीत निवडा. ती का पाळली जाते, हे घरातील वडीलधाऱ्यांना आदराने विचारा. तिच्यातील कोणता भाग तुम्हाला पटतो, कोणता पटत नाही आणि त्या रीतीमुळे कोणा माणसाला कमीपणा येतो का, याविषयी दोन पानांचे टिपण तयार करा.